विचारलं का आण्णांना?

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एखाद्या ट्रकचं इंजिन खोललं, की मिस्त्रीनं हेड उतरवून फळीवर ठेवायच्या आत आण्णा हजर होतात. बोलावलेलं कुणी नसतं. स्कूटर स्टँडला लावायची, रुमालानं दोन बोटं पुसायची आणि लायनरच्या आतून नख वर ओढत न्यायचं. वरच्या रिंगेची धाव जिथं संपते तिथं झिजेची कड तयार झालेली असते. तिथं नख अडलं की आण्णांची मान हलते. "यात आता रुपाया घालू नका," ते जाहीर करतात. मालक अजून कागलहून निघालेलाही नसतो.

हे आण्णा कुणी एक नव्हेत. उद्यमनगरात दोन गल्ल्यांआड एक सापडतो, शिरोलीचा वेगळा, गोकुळ शिरगावचा वेगळा. साठी ओलांडलेली, उमेदीची वर्षं लेथवर नाहीतर कुठल्याशा ट्रान्सपोर्टच्या गॅरेजात गेलेली, शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी फिलर गेज. नावावर ट्रक कधीच नव्हता. बोलणं मात्र कायम 'आपण'चं. "त्या वडगावच्या गाडीला आपण हिनो चढवलं." खोदून विचारलं तर कळतं, की इंजिन मिस्त्रीनं चढवलं, पैसे मालकानं मोजले आणि आण्णा बाजूला बाकड्यावर चहा पीत होते.

असली माणसं कोल्हापुरात पिकतात यात त्यांचा दोष नाही. शहराच्या आसपास 300 च्या घरात फौंड्र्या आहेत. इंजिनांचे ब्लॉक आणि हेड इथं ओतले जातात, मेननचे पिस्टन शिरोलीत होतात, बेअरिंगा गोकुळ शिरगावात, आणि कागलच्या पंचतारांकित वसाहतीत किर्लोस्करांची अख्खी डिझेल इंजिनं तयार होतात. त्याआधीच्या पिढीची पोरं तर विहिरीवरच्या ऑइल इंजिनाचा ठोका ऐकतच मोठी झाली. ठोका चुकला की चुलीपुढची आजी आतून ओरडायची, "डिझेलमध्ये हवा धरली बघ रं." अशा गावात ज्याला इंजिनावर मत नाही तो पाहुणा समजावा.

आता त्या कागलच्या गाडीचं घ्या. टाटाची जुनी सोळा-बारा, म्हणजे 16 टनांची आणि 120 अश्वशक्तीची. आतलं इंजिन 697. हाही आकडा बोलका आहे: सहा सिलिंडर, 97 मिलिमीटर बोअर. गाडी हंगामात ऊस ओढायची आणि एरवी विटा. ऑइल प्यायला लागली, ब्रीदरमधून भकाभका धूर यायला लागला, आणि क्रँक घासून घासून शेवटच्या अंडरसाइझला पोचला होता. दुरुस्तीत राम नव्हता, इंजिनच बदलायचं होतं. प्रश्न एवढाच, की कुठलं? मालकानं तो मिस्त्रीला विचारला आणि उत्तर आण्णांनी द्यायला घेतलं.

आण्णा इंजिन जोखतात ते तालमीतला वस्ताद नवा पैलवान जोखतो तसं. दम किती, खुराक किती, आणि पडल्यावर उठतोय का. 697 ला तिसऱ्या परीक्षेत पैकीच्या पैकी गुण. "बेंझचं रक्त हाय ह्ये." टेल्कोचा डाइमलर-बेंझशी करार 1954 चा, तो 1969 साली संपला आणि गाड्यांवरचा तारा गेला. आण्णांच्या लेखी तो करार अजून चालू आहे. "लायनर ठोका, पिस्टन घाला, उठतंय परत. पार्ट तर पानपट्टीवरबी मिळंल. पण मर्दा, करूळचा घाट चढताना छाती फुगती त्याची."

मग कमिन्स घालू या का, मालकानं विचारलं. टाटा-कमिन्सची भागीदारी 1993 ची, कारखाना जमशेदपूरला, आणि सोळा-तेराच्या गाड्यांत त्यांचं 5.9 लिटरचं सिक्स-बीटी. आण्णांचे डोळे लकाकले. "लई वंगाळ न्हाई. कमी फेऱ्यातच ओढतंय. भरल्या गाडीला गिअर पाडायला लागत न्हाई." मालक खूश व्हायच्या बेतात होता, तेवढ्यात बोट वर गेलं. "पण त्याला लायनर न्हाई. बोअर थेट ब्लॉकात. आणि टर्बो हाय. तुझा ड्रायव्हर घाट चढून आल्या आल्या इंजिन बंद करणार. टर्बो तापलेला, ऑइल थांबलेलं. दोन मिनिटं थांबाय नको व्हय? थांबंल का त्यो?"

ड्रायव्हर तिथंच उभा होता. त्यानं टायरकडं बघितलं.

राहिलं लेलँडचं हिनो. जपानी घराणं, आवाज मऊ, डिझेलला बरं. आण्णांनी दोन मिनिटं स्तुती केली आणि मग, "टाटाच्या चासीत लेलँड? पुढल्या जन्मी."

"पण आण्णा, वडगावच्या गाडीला तुम्ही..."

"ती गाडी लेलँडचीच हुती."

तिन्ही पैलवान चीत, आणि आखाड्यात एकटे आण्णा उभे. हे रोजचंच आहे. एखादं इंजिन त्यांनी बिनशर्त पास केलं तर मालक ते घेऊन जाईल, बाकडं रिकामं होईल आणि संध्याकाळ कशी जायची हा प्रश्न उरेल. म्हणून प्रत्येक 'लई भारी'च्या पाठीमागं एक 'पण' राखून ठेवलेला असतो. गणपती गेले, घट बसले, गाडी ठोकळ्यांवर, आणि चर्चा अजून खुराकापाशीच.

या सगळ्यात मिस्त्री काही बोलत नव्हता. त्याला बोलता येतं, पण तो आधी टेप लावतो. कमिन्स घालायचं तर बेल हाऊसिंग बदलावं लागेल, फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट वेगळी, फौंडेशनचे ब्रॅकेट नव्यानं बनवून चासीला मारायचे, खालचं ऑइल चेंबर पुढच्या एक्सलला लागतंय का बघायचं, रेडिएटर पुरतो का बघायचं. इंजिन कमी फेऱ्यांवर चालणारं, म्हणजे जुन्याच क्राऊनवर गाडीचा वेग पडणार, तिथं पुन्हा हात घालायचा. आणि वाढलेली ओढ जुन्या गिअरबॉक्सला सोसली तर सोसली. "इंजिन स्वस्तात मिळंल मालक," तो म्हणाला, "बसवायचं महाग पडंल." महिनाभरात त्या गॅरेजात बोललं गेलेलं सर्वांत उपयोगी वाक्य हेच. आण्णा म्हणाले, "मी त्येच म्हणतोय."

शेवटचा घाव कायद्याचा. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. कंपनीनं दिलेला जो तपशील आरसीवर आहे, त्याच्याशी न जुळणारा बदल मालकानं आपल्या मनानं करायचा नाही. त्याच मेकचं, त्याच जातीचं इंजिन घातलं तरी नवा इंजिन नंबर आरसीवर चढवून घ्यावा लागतो, आणि ते इंजिन कुठून आलं याचं बिल आणि कागद दाखवावे लागतात. मालकाच्या मनात आणखी एक भाबडी आशा होती, की नवं इंजिन घातलं म्हणजे गाडीचं वय कमी धरतील आणि पासिंगला त्रास होणार नाही. तसं काही नसतं. आरसीवरचं उत्पादनाचं वर्ष जिथल्या तिथंच राहतं. हे बोलणं चालू असताना आण्णा कुठं होते? ताराबाई पार्कातल्या आरटीओचं नाव निघालं की त्यांना नातवाला शाळेतून आणायची आठवण होते. त्या दिवशी रविवार होता.

इथवर वाचून कुणाला आण्णा निव्वळ रिकामटेकडे वाटतील, तर जरा थांबा. ठरलं ते 697 च, आणि अपघातात गेलेल्या एका गाडीचं इंजिन भंगारवाल्याकडे कागदासकट असल्याचं कळलं. सगळे तिकडं गेले. लोखंडी स्टँडवर इंजिन जोडून ठेवलेलं, भंगारवाल्यानं स्टार्टरला बॅटरी लावली, पहिल्या झटक्यात चालू. धूर बेताचा, ठोका एकसारखा. मालकानं खिशात हात घातला. आण्णांनी मात्र ते चालू व्हायच्या आधीच ब्लॉकवर तळहात टेकवला होता.

"सकाळी कितीदा मारलंस रं ह्ये?"

भंगारवाला हसला. गरम इंजिन कसंही चालू होतं, त्याची खरी परीक्षा थंडपणी. आण्णांनी ते बंद करायला लावलं, उसाचा रस मागवला आणि पाक थंड होईस्तोवर सगळ्यांना तिथंच बसवून ठेवलं. मग डिपस्टिकचं ऑइल बोटांत चोळून कचकच लागते का पाहिली, इंजिन पुन्हा मारायला लावलं, ऑइलचं झाकण काढून वर तळहात धरला, रेडिएटरच्या जागी जोडलेल्या पिंपात बुडबुडे येतात का ते वाकून बघितलं. थंडपणी इंजिननं तीनदा हिसका खाल्ला आणि पांढरा धूर सोडला, पण बुडबुडा एकही नाही. "हेड चांगलं हाय. पंप-नोजल करून घ्यायचं. त्येचे पैसे कमी कर," आण्णा म्हणाले, आणि भंगारवाल्यानं मुकाट्यानं कमी केले. बाकड्यावर बसून महिनाभर दिलेली सगळी मतं त्या एका तळहातापुढं फुकट होती, आणि हे त्यांना सोडून सगळ्यांना कळलं.

इंजिन बसलं. हातपंपानं हवा काढली, सेल मारला, आणि कोल्हापुरी भाषेत सांगायचं तर जाळ नि धूर संगटच. गाडी गाळप सुरू व्हायच्या आत कारखान्याच्या रांगेत उभी राहिली. आण्णा तोवर पुढच्या गल्लीत कुणाच्या तरी लायनरमध्ये नख फिरवत होते, आणि "सोळा-बाराला आपण 697 च चढवलं, कमिन्सचा नाद सोडाय लावला" असं सांगत होते.

तर जुन्या गाडीला इंजिन बघत असाल, तर आधी आरसी वाचा, मग मिस्त्रीला टेप लावू द्या, आणि आण्णांना घ्या ते भंगारवाल्याकडे जाताना. चहा-रस तुमच्याकडून. आरटीओत मात्र एकटेच जा.