सेवार्थ क्रमांक नमूद करावा

मार्च उजाडला की सरकारी कार्यालयांना ज्ञानाची तहान लागते. प्रशिक्षणाच्या लेखाशीर्षाखाली पैसे शिल्लक आहेत आणि 31 तारखेनंतर ते समर्पित करावे लागतील, एवढे लेखा शाखेने लक्षात आणून दिले की वरपासून खालपर्यंत सगळ्यांची क्षमतावृद्धी करावीशी वाटू लागते. मग पत्र सुटते. 'आपल्या अधिनस्त दोन कर्मचाऱ्यांची नावे सोबतच्या विहित नमुन्यात आज सायंकाळी पाचपर्यंत न चुकता कळवावीत.' पत्र हातात पडते तेव्हा साडेचार वाजलेले असतात.

आता पाठवायचे कोणाला? कामाचा माणूस पाठवला तर तीन दिवस कार्यालय ठप्प. तेव्हा साहेब इकडेतिकडे न बघता 'त्यांना' पाठवतात. असे एक गृहस्थ प्रत्येक कार्यालयात असतात. आपत्ती व्यवस्थापन झाले आहे, माहिती अधिकार दोनदा झाला आहे, ताणतणाव व्यवस्थापन झाले आहे (ताण कसला, हे विचारायचे नसते), ई-ऑफिसही झाले आहे. अख्ख्या तालुक्यात इतका प्रशिक्षित माणूस सापडायचा नाही. त्यांच्या टेबलावर नस्ती ठेवायला मात्र कोणी धजत नाही. येत्या जूनमध्ये ते सेवानिवृत्त होत आहेत, म्हणजे सगळे ज्ञान सुखरूप घरी जाईल.

दुसरे नाव ठरवणे त्याहून सोपे. ज्याची नुकतीच बदली झाली आहे आणि जो अजून कार्यमुक्त झालेला नाही, तो. त्याला फेरफाराचे सॉफ्टवेअर शिकवायचे आणि परत आला की आस्थापना शाखेत रजेचे अर्ज मोजायला बसवायचे.

प्रशिक्षणाच्या सभागृहात खुर्च्यांना पांढरी कव्हरे असतात. दीपप्रज्वलन असते, पंख्याच्या वाऱ्याने समई पेटत नाही, पंखा बंद केला की मान्यवरांना घाम फुटतो. प्रत्येकाला एक फोल्डर, एक वही आणि न उमटणारे एक पेन मिळते. ओळखीचा कार्यक्रम चहापर्यंत चालतो. चहानंतर व्याख्याते पीपीटी सुरू करतात आणि प्रोजेक्टर बंद पडतो.

या क्षणी सभागृहाच्या दारातून एक पोरगा येतो. केबल काढतो, फुंकर मारतो, पुन्हा खोचतो, कीबोर्डवर दोन बटणे दाबतो. पडद्यावर चित्र येते. व्याख्याते म्हणतात, "हं, तर डिजिटल प्रशासनाचे फायदे आपण पाहत होतो." पोरगा निघून जातो. तो कंत्राटी डाटा एंट्री ऑपरेटर आहे.

त्याचे नाव यादीत का नाही? कारण विहित नमुन्यातला तिसरा रकाना सेवार्थ क्रमांकाचा आहे. ज्याचा पगार शासनाच्या सेवार्थ प्रणालीतून निघतो, त्यालाच तो क्रमांक असतो. या पोराचा पगार एजन्सीकडून येतो, म्हणजे येतो तेव्हा येतो. रकाना मोकळा सोडला तर ऑनलाइन अर्ज पुढे सरकत नाही. शासनाच्या लेखी जो नाही, त्याला शिकवायचे काय? पण दिवसभर लोकांचे अर्ज भरतो तो, दाखले काढतो तो, साहेबांचा पासवर्डही त्यालाच पाठ.

धोरणाला नावे ठेवायला जागा नाही. 2012 च्या राष्ट्रीय प्रशिक्षण धोरणाने केंद्राच्या प्रत्येक खात्याला वेतनावरील तरतुदीच्या किमान 2.5 टक्के रक्कम प्रशिक्षणासाठी बाजूला ठेवायला सांगितले. 2 सप्टेंबर 2020 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 'मिशन कर्मयोगी' मंजूर केले. सुमारे 46 लाख कर्मचारी, पाच वर्षे, 510.86 कोटी रुपये. आता शिकायला पुण्याला बाणेर रोडवर यशदापर्यंतही जावे लागत नाही, आयगॉट पोर्टलवर घरबसल्या अभ्यासक्रम करता येतात. करतातही. एका टॅबमध्ये व्हिडिओ आवाज बंद करून धावत असतो, दुसऱ्या टॅबमध्ये क्रिकेटचा स्कोअर असतो. शेवटच्या प्रश्नांची उत्तरे विभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेली असतात. 'सचोटी' या विषयाची उत्तरेसुद्धा.

यात कर्मचाऱ्यांना फार दोष द्यावा असे मला वाटत नाही. प्रमाणपत्र मागितले, त्यांनी ते आणून दिले. एमएस-सीआयटीच्या वेळीही हेच झाले. प्रमाणपत्र नसेल तर वेतनवाढ रोखू म्हटल्यावर जन्मात माऊसला हात न लावलेल्यांनीही प्रमाणपत्रे आणली, सेवापुस्तकात नोंद केली आणि संगणकावरचे कव्हर पुन्हा नीट घातले. जिल्हा परिषदेच्या गुरुजींना बारा वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणीसाठी आणि चोवीस वर्षांनी निवडश्रेणीसाठी प्रशिक्षण घ्यावे लागते. चोवीस वर्षे शिकवून झाल्यावर कसे शिकवावे ते शिकायचे! आधीच्या चोवीस वर्षांतल्या पोरांचे काय झाले असेल ते असो.

प्रशिक्षण खरे कुठे असते सांगू? जिथे चूक लगेच दिसते तिथे. एसटीच्या चालकाला गाडी हातात देण्याआधी शिकवतात, तपासतात, नापासही करतात. कारण घाटात वळण चुकले तर 'नजरचुकीने झाले' अशी टिपणी लिहायला वेळ मिळत नाही. कार्यालयात तो मिळतो, भरपूर मिळतो.

सातबाराचे संगणकीकरण झाले तेव्हा हातांनी लिहिलेली लाखो नावे कोणीतरी टाइप केली. ज्यांनी केली, त्यांना गट, पोटहिस्सा आणि इतर हक्क यांतला फरक किती जणांनी बसून समजावला असेल? 'पांडुरंग'चा 'पाडुरंग' झाला, क्षेत्रातला दशांश बिंदू एक घर सरकला, वारसांतली एक बहीण गळाली. चूक झाली एका सेकंदात. दुरुस्तीसाठी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966, कलम 155: अर्ज, जुन्या हस्तलिखिताची नक्कल, तलाठ्याचा अहवाल, मंडळ अधिकाऱ्याचा अभिप्राय, तहसीलदारांचा आदेश. तोवर पीककर्जाचा हंगाम निघून जातो. न दिलेल्या प्रशिक्षणाचे बिल हे असे भलत्याच्या नावावर फाटते. ते कोणत्याही लेखाशीर्षाखाली दिसत नाही, म्हणून खर्च वाचला असे आपण समजतो.

अलीकडे एका म्हातारबाला कार्यालयाच्या खिडकीशी उभे असलेले पाहिले. आत सगळी टेबले रिकामी, सगळे प्रशिक्षणाला. तो कंत्राटी पोरगा तेवढा होता.
"आजोबा, यात खाते क्रमांक चुकीचा पडलाय. उद्या नक्कल घेऊन या, मी अर्ज करून देतो."
"तुला कुनी शिकिवलं रं हे?"
"कोणी नाही. चुकत चुकत."
चुकले ते कोणाच्या सातबारावर, हे विचारायचे धाडस मला झाले नाही. त्याचा करार अकरा महिन्यांचा आहे, पुढच्या महिन्यात संपतो. मग नवा पोरगा येईल आणि नव्या सातबारांवर चुकत चुकत शिकेल.

म्हणून शासनाला एकच नम्र विनंती. विहित नमुन्यात सेवार्थ क्रमांकाच्या रकान्यापुढे 'लागू नाही' लिहायची सोय करावी. त्यासाठी समिती नको, अभ्यासदौरा नको, सॉफ्टवेअरमध्ये किरकोळ बदल लागेल. तो कसा करायचा हे खात्यात कोणाला ठाऊक नसेल, तर त्या पोराला विचारावे. करार संपायच्या आत विचारावे.