टक्केसाहेब

बदलापूरहून सकाळी सुटणाऱ्या लोकलमध्ये खिडकी मिळालेला माणूस ती सोडत नाही. सख्खा सासरा समोर उभा राहिला तरी फार तर त्याची बॅग वर ठेवून देतो. टक्केसाहेब मात्र ऊन कुठल्या बाजूने येणार ते बघतात आणि मिळालेली खिडकी देऊन सावलीतली चौथी सीट घेतात. अर्धं बूड हवेत, पण गाल सावलीत! गालांवर लेसर झालंय ना.

मुरुमांनी पंचविशीत निरोप घेतला, जाताना खड्डे ठेवून गेले. मग मुलतानी माती झाली, जायफळ उगाळून झालं. ‘सगळे हेच नेतात’ म्हणत मेडिकलवाल्याने दिलेलं गोरं करणारं मलम झालं. त्यात स्टेरॉइड होतं. पंधरा दिवस चेहरा चकाकला. मग लालेलाल झाला आणि मलम बंद करताच मुरुम सहकुटुंब परतले. पुढे उल्हासनगरच्या बाजारातून सुयांचा रोलर आणला, ‘मेड इन यूएसए’ छापलेला. यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद अख्ख्या मध्य रेल्वेला पाठ आहे. साहेबांना तो रोलर फिरवून झाल्यावर आठवला.

शेवटी कल्याणला त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. बाईंनी गाल दोन बोटांत ताणून पाहिला. ताणल्यावर सपाट होतात ते रोलिंग, उभ्या कडांचे ते बॉक्सकार आणि टोकदार, खोल ते आईस पिक. साहेबांकडे तिन्ही वाण निघाले. रोलिंग खड्डे आतल्या धाग्यांनी खाली खेचलेले असतात, ते धागे सुईने तोडायचे, आईस पिकमध्ये काडीच्या टोकाने अ‍ॅसिडचा थेंब सोडायचा, उरलेल्यांवर लेसर. “पूर्ण जाणार नाहीत, उथळ होतील,” बाई म्हणाल्या. साहेब म्हणाले, “मॅडम, आमची नगरपालिकाही दर पावसाळ्यानंतर हेच सांगते.”

तासभर बधिर करणारं क्रीम थापून बसवलं आणि मग फ्रॅक्शनल सीओटू. तरंगलांबी 10,600 नॅनोमीटर! हा आकडा साहेब आपल्या पगारापेक्षा अभिमानाने सांगतात. हा लेसर सगळी कातडी सोलत नाही, बारीक बारीक ठिपके जाळतो. मधली शाबूत कातडी जखम लवकर भरून काढते. आठवडाभर तोंडावर तपकिरी ठिपक्यांची चौकडी होती. ऑफिसात खरं कसं सांगायचं? कांजिण्या झाल्या म्हणून कळवलं. ऑफिसातल्या बॉसने घाबरून आणखी एक आठवडा घरीच थांबायला लावलं, आणि डब्यातल्या भजनी मंडळाने महिनाभर त्यांना टाळ दिले नाहीत.

तेव्हापासून डब्यातलं त्वचा खातं त्यांच्याकडे आहे. अंबरनाथला चढलेल्या कॉलेजच्या पोराचा गाल त्याला न विचारता ताणतात आणि “बॉक्सकार. फोडत होतास ना?” असा निकाल देतात. पोरगं पुढच्या स्टेशनला डबा बदलतं. निदान बरोबर असतं, हीच खरी पंचाईत. सल्लेही देतात: आपली सावळी कातडी भाजली की काळी पडते, म्हणून डॉक्टर मशीन जपून चालवतात. उन्हाचं क्रीम चुकवायचं नाही. नवं कोलॅजन भरायला तीन ते सहा महिने लागतात, आठव्या दिवशी आरसा बघून रडू नये. डब्यात शेअर बाजारावर बोलणारे सहा जण आहेत. त्यांच्यातल्या एकाचाही सल्ला इतका खरा ठरलेला नाही.

एरवी माणूस सुखी असता. पण रोज सकाळी मोबाइलचा टॉर्च हातात देतात. “समोरून नको, बाजूने मार. समोरच्या उजेडात सगळे गुळगुळीत दिसतात. हां, आता सांग, किती टक्के फरक?” साठ म्हणालात तर डोंबिवलीपर्यंत अबोला. नव्वद म्हणालात तर तुम्हाला बघताच येत नाही, असं ठाण्यापर्यंत ऐकावं लागतं. सत्तर सांगावेत.

त्यांची एकच गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. असली स्टेरॉइडची मलमं 2018 पासून डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, तरी काउंटरवरून मिळतात. तुमच्या घरातल्या पोराच्या हातात तसली ट्यूब दिसली तर आधी काढून घ्या आणि त्याला त्वचेच्या डॉक्टरकडे न्या. मुरुम ताजे असतानाच औषध केलं तर पुढचं लेसर बहुधा वाचतं.