शोध लागला हो!

'हरवलेला अल्बम सापडला' अशी दवंडी पिटली की समजावं, तो हरवलेला नव्हताच. कुणी विचारत नव्हतं, एवढंच. रेगेमधला 'हार्ट ऑफ द काँगोज' घ्या. निर्माता ली 'स्क्रॅच' पेरीने तो १९७७ च्या सुमारास किंग्स्टनमध्ये, घराच्या परसातल्या ब्लॅक आर्क स्टुडिओत, चार ट्रॅकच्या मशीनवर घडवला. गाण्यात मधूनच चक्क गाय हंबरते. बॉब मार्लीला जगभर पोचवणाऱ्या आयलंड रेकॉर्ड्सने मात्र त्याला हिंग लावून विचारलं नाही. मग १९९६ साली मँचेस्टरच्या 'ब्लड अँड फायर' या चिमुकल्या लेबलने तो साफसूफ करून काढला आणि जाणकारांना एकाएकी साक्षात्कार झाला. (लेबलच्या संस्थापकांत 'सिम्पली रेड'चा मिक हकनॉल. गुळगुळीत पॉपचं पाप कुठेतरी फेडावं लागतंच.)

आता अशा पुनर्मुद्रणांचा थाट बघावा: १८० ग्रॅमची वजनदार तबकडी, बाडाएवढी पुस्तिका, वर 'मर्यादित आवृत्ती'चा शिक्का. संग्राहक ती घरी आणतो, फोटो टाकतो आणि वरचं प्लास्टिक काही फाडत नाही. भाव उतरतो ना! ऐकायला काय, यूट्यूब आहेच.