पद्मिनीची सकाळची समजूत

सदर मार्गदर्शन प्रीमियर पद्मिनी बाळगणाऱ्यांसाठी आहे. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरल्या. आता उरल्या त्या आमच्यासारख्या हट्टी माणसांच्या पार्किंगमध्ये. नव्या गाडीवाल्यांनी हे वाचून वेळ दवडू नये. त्यांच्याकडे बिघाड झाला की डॅशबोर्डवर दिवा लागतो. आमच्याकडे शेजाऱ्यांच्या घरातले दिवे लागतात.

लागणारं साहित्य: प्लगचा पाना, पक्कड, पॉलिश पेपर, खायचा सोडा, स्वेटर आणि निर्लज्जपणा. वेळ डिसेंबरची, पहाटे साडेसहाची. ठिकाण पुणे.

आधी कान द्यावा. किल्ली फिरवल्यावर नुसतं ‘टक्’ झालं तर बॅटरीची टर्मिनल्स बघावीत. त्यांच्यावर हिरवट-पांढरी बुरशी चढलेली असते. कोमट पाण्यात सोडा कालवून ओतला की ती फसफसून निघते. हे काम इतकं समाधान देतं की गरज नसतानाही करावं.

सेल्फ घर्रघर्र फिरतोय पण इंजिन पकडत नाही, असं असेल तर चोककडे वळावं. पेट्रोलची वाफ पेटते, आणि थंडीत ती नीट होत नाही. म्हणून चोक ओढून मिश्रणात पेट्रोल वाढवायचं. या वेळी रेसवर पाय नाचवू नये. दर दाबाला कार्बोरेटर आत पेट्रोलची पिचकारी मारतो. पाच-सहा पिचकाऱ्यांत प्लग चिंब होतात आणि जिन्यापर्यंत वास जातो. तसं झालंच (होतंच), तर चोक आत ढकलून, रेस तळाला दाबून धरून सेल्फ मारावा.

एव्हाना गाडीभोवती माणसं जमलेली असतात. त्यांना हाकलू नये. प्रत्येक जण स्वतःच्या गाडीला पूर्वी झालेला आजार तुमच्या गाडीत शोधतो. आमच्याकडे दुसऱ्या मजल्यावरचे काका ‘बॅटरी’ म्हणाले, कारण २००४ साली त्यांची बॅटरी गेली होती. बँकेतून निवृत्त झालेल्या गृहस्थांनी इथेनॉलवर ठपका ठेवला. त्यांचं अगदीच चूक नव्हतं. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा जास्त उष्णता लागते, आणि जुन्या रबरी नळ्यांनाही ते मानवत नाही. दूधवाला काहीच बोलला नाही. त्याने धक्का मारला. गाडी त्यानेच सुरू झाली.

सुरू झाली म्हणजे संपलं, असं नाही. आता दुसरा अध्याय: सिग्नलला गाडी थरथरते, आरसा हलतो, मागचा रिक्षावाला दोनदोन दिसतो. याला मिसिंग म्हणतात. चालू इंजिनवर एकेका प्लगची वायर काढून बघायची. काढल्यावर इंजिन आणखी लंगडलं तर तो सिलिंडर कामाचा. काहीच फरक पडला नाही तर कामचुकार तोच. (ही पद्धत सरकारी कचेऱ्यांत लागू करावी, असं मला फार वाटतं.) वायर इन्सुलेशन असलेल्या पक्कडीने काढावी. मी पहिल्यांदा हाताने काढली. झटका कोपरापर्यंत गेला आणि तोंडातून जो शब्द गेला तो थेट तिसऱ्या मजल्यापर्यंत.

आमचे चारही सिलिंडर कामाचे निघाले. मग प्लग उघडून रंग पाहिला. चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा तपकिरी असेल तर उत्तम. पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त. आमचे चारही तव्याच्या बुडासारखे काळे, म्हणजे पेट्रोल जास्त. इथे शहाण्या माणसाने थांबून विचार केला असता. आम्ही पॉइंट घासले, कंडेन्सर बदलला, प्लग नवे आणले, आणि काकांच्या आग्रहाखातर बॅटरीही. सगळं एकाच रविवारी, म्हणजे गुण आला असता तरी कशाने ते कळलं नसतं. एका मेकॅनिकने स्क्रू ड्रायव्हरने स्लोचा स्क्रू पिळून दिला, “शेठ, कार्बोरेटरमध्ये कचरा आहे,” म्हणाला आणि पैसे घेतले. गाडी थरथरायची थांबली आणि सिग्नलला ओरडायला लागली.

तिसऱ्या आठवड्यात मुलीला सहज म्हटलं, “आत बसून चोक ओढ गं जरा.” मी बॉनेटखाली डोकं घालून उभा. “ओढला, बाबा.” कार्बोरेटरवरची चोकची लिव्हर जागची हलली नाही. “परत.” “अहो बाबा, पूर्ण बाहेर आलाय!” केबल धरून ठेवणारा इवलासा स्क्रू सैल झाला होता. आत नॉब बाहेर यायचा, बाहेर लिव्हर मधेच अडकून बसलेली: थंड इंजिनाला अर्धाच चोक, गरम इंजिनालाही अर्धा चोक. पहाटे उपाशी, दुपारी अजीर्ण. दोन्ही रोगांचं मूळ एकच, आणि औषध स्क्रूचे दीड फेरे.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच सेल्फला गाडी सुरू झाली. स्लो पुन्हा खाली आणला, तर आरसाही शांत. वर गॅलरीत काका चहाचा कप घेऊन उभे होते.

“काय रे, बॅटरीच होती ना?”

“हो काका,” मी म्हटलं.