नानांची आईशप्पथ

आमचे नानाकाका आयुष्यात कधी खोटं बोलले नाहीत. त्यांच्याबरोबर माफिया खेळताना सगळा घोटाळा होतो तो यामुळेच.

भाजीवाल्याने चुकून दहा रुपये जास्त परत केले तर नाना भर उन्हात मागे जाऊन ते देऊन येतात. एसटीत बसल्यावर ‘नातवाला मागच्या महिन्यात बारा पुरी झाली, त्याचं पूर्ण तिकीट फाडा’ असं कंडक्टरला आपण होऊन सांगणारा दुसरा आजोबा मी पाहिलेला नाही. नातवाने त्यांना अजून माफ केलेलं नाही. बँकेतली उभी हयात त्यांनी कॅशच्या खिडकीमागे काढली आणि तिथे एका पैशाचा फरक पडला नाही. पण हाच माणूस मेंढीकोटला बसला की हातात हुकमाचा एक्का आल्यावर खाकरतो. मुद्दाम नाही हं. आपल्या भिडूला जे कळणं इष्ट आहे ते त्याच्यापासून लपवून ठेवायचं, हेच त्यांना अप्रामाणिकपणाचं वाटतं. व्यवहारातला हा हरिश्चंद्र डावात रडी ठरतो तो असा.

गणपतीत आम्ही सगळे गावच्या घरी जमतो. आरत्या, जेवणं आणि मग जागरण. पूर्वी जागरणाला पत्ते असत, आता पुण्या-मुंबईच्या पोरांनी माफिया आणला आहे. आपल्या लहानपणच्या राजा-मंत्री-चोर-शिपाईचाच हा शिकून आलेला धाकटा भाऊ. कालनिर्णयच्या सरलेल्या महिन्यांच्या चिठ्ठ्या करायच्या. दोघे-तिघे माफिया, एक डॉक्टर, एक डिटेक्टिव्ह, बाकीचे साधे गावकरी. खेळ चालवणाऱ्याला म्हणतात गॉड. हे पद माझ्याकडे होतं, कारण मला चेहऱ्यावरून काही लपवता येत नाही असं घराचं एकमत आहे. गॉडने ‘गाव झोपलं’ म्हटलं की सगळ्यांनी डोळे मिटायचे. मग माफियांनी तेवढे उघडून खुणेने एकाला मारायचं. डॉक्टरने कुणाला वाचवायचं, डिटेक्टिव्हने एकाबद्दल गॉडला विचारायचं, तेही खुणेनेच. सकाळ झाली की मेलेला बाजूला होतो आणि उरलेले भांडून, मतदान करून एका संशयिताला गावाबाहेर काढतात. माफिया आणि बाकीचे संख्येने सारखे झाले की माफिया जिंकले. थोडक्यात, थोड्यांना सगळं माहीत असतं, पुष्कळांना काहीच माहीत नसतं आणि खोटं बोलायला पूर्ण मुभा असते.

पहिल्याच डावात, पहिल्याच सकाळी नानांनी हात वर करून जाहीर केलं, “मी साधा गावकरी आहे. आईशप्पथ.”

ज्या आईची शपथ, ती शेजारीच वाती वळत बसली होती. आजी नुसतं “हं” म्हणाली. संपलं. नानांवर संशय घ्यायची कुणाची छाती नव्हती, कारण ते खरोखरच गावकरी होते. पुढच्या डावात पोरांनी आधीच गळ घातली, “नाना, शपथ घ्या बघू.” नानांनी पाणी मागितलं. मग पंखा मोठा करायला सांगितला. मग उठून पंचांगात उद्याची भरतीची वेळ पाहिली. चहा उकळायच्या आत त्यांना गावाबाहेर काढलं गेलं, आणि ते माफियाच होते. असे लागोपाठ काही डाव झाले. डिटेक्टिव्हला काम उरलं नाही. शेवटी मी गॉड या नात्याने फर्मान काढलं, की डावात शपथा बंद.

“म्हणजे खरं बोलायला बंदी?” नाना थरथरत म्हणाले.

त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. पहाटे तोंडात ब्रश घेऊन ते माझ्या गादीपाशी येऊन उभे राहिले. “अरे, शपथ जर खरी असेल, तर तिच्यात खोट काय?”

प्रश्न सोपा नाही. मला वाटतं, अर्धवट झोपेत मी दिलेलं उत्तर बरोबर होतं. मी म्हटलं, “नाना, तुमच्या शपथेला किंमत आली ती तुम्ही बाहेर आयुष्यभर खरं बोललात म्हणून. ती रक्कम बाहेरच्या खात्यातली. आमच्या चिमीने गृहपाठाबद्दल रोज एक थाप मारलेली असते, तिच्या शपथेला या घरात कोण विचारतो? डावात सगळ्यांनी सारखंच भांडवल घेऊन उतरायला हवं ना? आणि तुम्ही गावकरी असताना शपथ घेणार, माफिया असताना नाही घेणार, म्हणजे तुमचं गप्प बसणं हाच कबुलीजबाब झाला. तुमच्याबरोबरचे माफिया फुकट मरतात.”

‘भांडवल’ आणि ‘खातं’ हे शब्द बँकेच्या माणसाला पटले. पण माणूस शब्द पाळतो तो अक्षरशः. आईशप्पथ बंद म्हटल्यावर त्या संध्याकाळी ते “थांबा, गणपतीच्या पायांना हात लावून येतो” म्हणाले. तेही अडवलं, तेव्हा पेन्शनची शपथ घातली. मग काकूला कोपऱ्यात नेऊन “चिठ्ठी बघ, पण बघितलीस असं म्हणू नको” असा मध्यममार्ग काढला. काकूने चिठ्ठी पाहिली, सगळ्यांसमोर त्यांच्याविरुद्धच मत दिलं आणि विसर्जनापर्यंत नाना तिच्याशी बोलले नाहीत. “माझ्या घरात माझ्यावर विश्वास नाही” हे मात्र ते सर्वांशी बोलले.

आता आजीबद्दल सांगायला हवं. आमच्या घराण्यात तिच्याइतका निर्दय माफिया झाला नाही. ती नेहमी पहिल्या रात्री डॉक्टरच्या मागावर असते. लाडक्या पणतवाला तिने रात्री मारला आणि सकाळ होताच “गेलं हो माझं लेकरू” म्हणून डोळ्यांना पदर लावला. त्या पदराने निम्मं गाव फसलं. पण डाव संपला की पणतवाच्या हातावर पहिली करंजी तिचीच. मारल्याचा उल्लेख नाही, की कुणी तिला मारलं त्याचा राग नाही. डोळे मिटायला सांगितले की घट्ट मिटते. एकदा चिमीने विचारलं, “पणजी, तुला तसंही कुठे दिसतं?” तर म्हणाली, “मोतीबिंदू काढल्यापासून सगळं दिसतं, म्हणूनच मिटते.”

नानांची खरी परीक्षा मेल्यानंतर असे. मेलेल्याने बोलायचं नाही, हा या खेळातला सर्वांत साधा नियम. नाना बोलत नसत. ते उसासा टाकत. कुणी चुकीच्या माणसावर आळ घेतला की मान हलवत, बरोबर माणसाचं नाव निघालं की “श्रीराम” म्हणत. एकदा सर्वांना चहा द्यायला स्वतः उठले. केवढं कौतुक वाटलं आम्हाला! मग लक्षात आलं की ज्यांच्या बशीत बिस्किट नव्हतं तेवढेच माफिया होते. त्यावर वाती वळता वळता आजी कडाडली, “मेल्या, मेलायस ना तू? मग गप पड!” तेव्हापासून आमच्याकडे मेलेल्यांना स्वयंपाकघरात पाठवतात आणि नारळ खवायला बसवतात. दुसऱ्या दिवशीच्या मोदकांचं सारण आदल्या रात्रीच्या मृतांनी केलेलं असतं.

२०२० साली टाळेबंदी लागली आणि सगळे आपापल्या घरी अडकलो, तेव्हा हाच खेळ व्हॉट्सअॅपवर सुरू झाला. एक दिवस म्हणजे खेळातला एक दिवस, मतदान रात्री नऊच्या आत, कारण नऊला दूरदर्शनवर रामायण. मला वाटलं होतं, समोरासमोर नसल्यावर नाना आवरते राहतील. नानांनी बँकेतलं जुनं रजिस्टर काढलं आणि रात्रभर जागून कोण किती वाजता ऑनलाइन होतं याच्या नोंदी ठेवल्या. युक्तिवाद बिनतोड होता. माफिया रात्री जागतात, तेव्हा रात्री जो जागा तो माफिया. चौथ्या सकाळी त्यांनी ग्रुपवर तक्ता टाकला. न्यू जर्सीचा पुतण्या रात्री अकरापासून पहाटे पाचपर्यंत सतत ऑनलाइन! सगळ्यांनी मिळून त्याला गावाबाहेर काढला. बिचाऱ्याने कळवलं की त्याच्याकडे त्या वेळी दिवस असतो. मला तो मतदानाचा निकाल रद्द करावा लागला, आणि फोनवर कोण कधी दिसलं हा पुरावा चालणार नाही असा आणखी एक नियम आला.

पण कळस पुढे होता. गॉड प्रत्येकाची भूमिका त्याला खासगीत कळवतो. नानांवर संशय आला त्या दिवशी त्यांनी माझ्या खासगी मेसेजचा फोटो सरळ ग्रुपवर टाकला: ‘नाना, तुम्ही गावकरी आहात.’ खाली ओळ, ‘शपथ नाही, पुरावा आहे.’ मी ओरडल्यावर त्यांनी तो डिलीट केला, तोवर सगळ्यांनी पाहून झाला होता. एकाने असा मेसेज दाखवला की ज्याला तो दाखवता येत नाही तो प्रत्येक जण माफिया ठरतो आणि डाव तिथेच संपतो. मी नानांना बाद केलं. काकांना बाद करणं आमच्याकडे सोपं नसतं. ग्रुपवर बराच वेळ कुणीच काही लिहिलं नाही, मग आजीकडून एक अंगठा आला.

बाद झालेल्या नानांना वेळ होता आणि रामायण दिवसातून दोनदाच लागे. मधल्या वेळात त्यांनी खेळाचा अभ्यास केला. मॉस्को विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात दिमित्री डेव्हिडॉफ नावाच्या माणसाने १९८६-८७च्या सुमारास हा खेळ काढला, हे आम्हाला नानांमुळे कळलं. सोव्हिएत लँड नियतकालिकाच्या गुळगुळीत पानांची कव्हरं वह्यांना घालून ते शाळा शिकलेले, त्यामुळे खेळाविषयी त्यांचा आदर एकदम वाढला. १९९७ साली अँड्र्यू प्लॉटकिन या अमेरिकनाने माफियांच्या जागी लांडगे आणले, तेव्हापासून निम्मं जग याला वेअरवुल्फ म्हणतं, हे सांगताना मात्र त्यांनी नाक मुरडलं. गणितज्ञांनीही याच्यावर लिहिलं आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात दाखवलंय की डिटेक्टिव्ह नसेल, तर एकूण खेळाडूंच्या वर्गमुळाच्या आसपास माफिया असले तरी ते बाकीच्यांना भारी पडू शकतात. “म्हणजे शंभरांना दहाएक पुरे,” नाना म्हणाले. “आमच्या सोसायटीत सभासद शंभर आणि कमिटीवर नऊ. हिशोब जुळतो.”

सर्वांत मोठा धक्का त्यांना नियमांनी दिला. हा खेळ लेखी, आठवडे-आठवडे चालवणारी पट्टीची मंडळी जगात आहेत, आणि त्यांचे नियम माझ्या फर्मानांशी जवळजवळ जुळत होते. गॉडचा खासगी निरोप जसाच्या तसा दाखवायचा नाही. लिहिलेलं मागाहून बदलायचं नाही. बाहेरच्या शपथा, पैजा, नाती आत आणायची नाहीत. मेलेल्याने बोलायचं नाही. मागच्या डावाचा सूड या डावात काढायचा नाही. कंटाळा आला म्हणून गुपचूप नाहीसं व्हायचं नाही. जमत नसेल तर सांगून बदली भिडू मागायचा. मी सांगितलं तेव्हा जो जुलूम होता तो छापील स्वरूपात दिसताच नानांच्या लेखी कायदा झाला. बँकेत मॅनेजर तोंडी सांगे ते ते ऐकत नसत, परिपत्रक आलं की ऐकत.

पुढच्या गणपतीत मी गॉडपद नानांना देऊन टाकलं. कार्बन घातलेलं रजिस्टर, गळ्यात शिट्टी, आणि चेहऱ्यावरून काही कळू नये म्हणून दिवसभर तोंडासमोर उघडं वर्तमानपत्र. पहिल्या तासात काकू डोळा मारल्याबद्दल बाद, मी कुजबुजल्याबद्दल बाद. नारळ खवता खवता आम्ही दाराआडून ऐकत होतो.

आजी माफिया होती. एकेक गावकरी कापत तिने शेवटच्या मतदानापर्यंत मजल मारली होती. चिमीने हट्टाने तिच्यावर बोट रोखलं. आजीने पदर काढला, उपयोग होईना. तेव्हा ती ठेवणीतल्या आवाजात म्हणाली, “मी नव्हे हो. हवं तर नानाला विचारा. तो कधी खोटं बोलत नाही.”

वर्तमानपत्र थरथरलं. मग खाली आलं. नानांच्या कपाळावर घाम होता. त्यांनी शिट्टी वाजवली.

“आई, बाद. गॉडची बाहेरची पत डावात वापरली. कलम सात.”

आजीने वाती गोळा केल्या आणि आत येऊन माझ्याकडून खवणी घेतली. तिने अपील केलं नाही. नाना रात्रभर माजघरात येरझाऱ्या घालत होते, पण निकाल त्यांनी फिरवला नाही, आणि माझ्या मते तो बरोबर होता.

तेव्हापासून गॉड नानाच आहेत. त्यांची नियमावली सतरा कलमांची आहे आणि तालुक्याच्या गावाहून तिच्या झेरॉक्स काढून आणलेल्या आहेत. तुमच्याकडे कुणी शपथा घालत असेल, चिठ्ठी दाखवत असेल किंवा मेल्यावर चहा वाटत असेल तर अवश्य मागवा. नाना स्वखर्चाने पाठवतील. फक्त पोचपावतीवर सही करून ती परत धाडा, नाहीतर ते स्वतः न्यायला येतील.