विंचवाचं बिऱ्हाड: नवशिक्यांसाठी

सर्वप्रथम ट्रेलर विकत घ्यावा. सगळ्या पायऱ्यांत ही सर्वांत सोपी, कारण हिला फक्त पैसे लागतात. आमचा ट्रेलर दहा फुटी आहे, वजन सहाशे किलो, आणि आकार उकडीचा मोदक आडवा पाडल्यासारखा. आत दोन माणसांपुरती गादी. मागचं झाकण वर उचललं की स्वयंपाकघर: दोन बर्नरची शेगडी, वाडग्याएवढी मोरी आणि मिसळणाचा डबा बसेल असा कप्पा. विकणारा मुलगा म्हणाला, “सर, आता तुम्हाला कुणाची गरज नाही. थांबाल तिथे घर.” हे वाक्य नवशिक्याने वहीत लिहून ठेवावं. परत आल्यावर वाचायला बरं पडतं.

मग कागदपत्रं. कायद्याच्या लेखी ट्रेलर हे वेगळं वाहन आहे, त्याची नोंदणी वेगळी. शिवाय महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरावॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्याची प्रत छापून गाडीत ठेवावी. आम्ही ठेवली होती. भोरच्या अलीकडे एका हवालदाराने ती शांतपणे वाचली, ट्रेलरभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, “ते ठीक आहे, पण ह्यात विकता काय?”

हा प्रश्न लक्षात असू द्या. पुढे लागणार आहे.

आता सामान भरणे. गाडीच्या मागे जो लोखंडी गोळा असतो, त्यावर ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा टेकला पाहिजे. म्हणजे जड वस्तू चाकांच्या आसाजवळ किंवा किंचित पुढे ठेवायच्या. मागे वजन झालं की नाक हलकं होतं आणि साठच्या वेगाला ट्रेलर शेपूट हलवायला लागतो, तोही गाडीला बरोबर घेऊन. ही सगळी माहिती मी घरात आकृती काढून समजावली. सौभाग्यवतींनी ती नीट ऐकून घेतली आणि पोलादपूरकडच्या मामांसाठी घेतलेलं दहा किलो ज्वारीचं पीठ, लोणच्याची बरणी आणि पितळी पातेलं असं सगळं मागच्या स्वयंपाकघरात ठेवलं, कारण स्वयंपाकाचं सामान स्वयंपाकघरातच ठेवतात. सारोळ्याच्या पुढे शेपूट हललं. रस्त्याकडेला उभं राहून आम्ही पीठ पुढे आणलं. आकृतीचा उल्लेख मी केला नाही. नवशिक्यानेही करू नये.

जोडणीची परीक्षा मात्र न चुकता घ्यावी. गोळ्यावर कुलूप बसलं असं वाटलं की ट्रेलरच्या पुढच्या जॅकचं हँडल फिरवून नाक वर उचलायचं. त्याबरोबर गाडीचं बूडही वर यायला लागलं तर जोडणी पक्की, नाहीतर बसलंय ते नुसतं आपल्या मनात. साखळ्या खाली एकमेकींवरून आडव्या घ्यायच्या, म्हणजे जोड सुटलाच तर नाक रस्त्यावर न आपटता साखळ्यांच्या झोळीत पडतं. दिव्यांची तार लावून मागे कुणालातरी उभं करायचं आणि ब्रेक दाबून ओरडायचं, “लागला का?” लग्नाला तीस वर्षं झालेल्या जोडप्यांनी हे काम शेजाऱ्यांकडून करून घ्यावं.

यानंतरचा पाठ रिव्हर्सचा. पोलादपूर तालुक्यात उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे. त्या मुलखात जायचं तर आधी लगीन रिव्हर्सचं. ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे जातो. आणि ट्रेलर जितका आखूड तितका तो लवकर वळतो. दुकानात ‘छोटा आहे, सोपा आहे’ असं सांगतात ते पुढे जाण्यापुरतंच खरं. मी रविवारी सकाळी एका रिकाम्या मैदानावर दोन तास सराव केला. गाडी आणि ट्रेलरचा काटकोन सात वेळा झाला. क्रिकेट खेळणारी मुलं खेळ सोडून कठड्यावर बसली. शेवटी एकाने विचारलं, “अंकल, शूटिंग आहे का?”

पुण्याहून महाडला उतरायला ताम्हिणी आहे, वरंध आहे, महाबळेश्वरवरून आंबेनळी आहे. आम्ही वरंध घेतला. पावसाळ्यात हा घाट अवजड वाहनांना बंद करतात, कधी सगळ्यांनाच. तेव्हा जायचं तर आमच्यासारखं डिसेंबरात. नीरा देवघरच्या पाण्याच्या कडेकडेने रस्ता जातो तोवर गाणी म्हणता येतात. उतार लागला की गाणी बंद करून दुसरा गिअर टाकावा आणि तो काढू नये. मागचे सहाशे किलो सतत ढकलत असतात. नुसत्या ब्रेकवर उतरलात तर चौथ्या वळणाला जळका वास येतो आणि तो शेगडीचा आहे असं समजून बायको मागे बघते. वळणावर ट्रेलरची चाकं गाडीच्या चाकांच्या आतून जातात, म्हणून वळण रुंद घ्यायचं. रुंद घेतलं की समोरून टेम्पो येतो. हेही अभ्यासक्रमात आहे.

वाघजाईच्या देवळापाशी थांबण्याची पद्धत आहे. कांदाभजी, चहा, समोर दरी आणि भज्यांवर टपलेली माकडं. आम्ही थांबलो, आणि ‘कुणाची गरज नाही’ या तत्त्वाला जागून मी मागचं झाकण उघडून स्वतःचा चहा टाकला. ही चूक करू नये. दोन मिनिटांत पाठीमागे चार माणसं उभी राहिली. पहिल्याने पन्नासची नोट पुढे केली: “दोन प्लेट, मिरची जास्त.” मी खुलासा करेपर्यंत शेजारच्या टपरीवरच्या काकू झारा घेऊनच आल्या. “ओ दादा, इथं नवीन गाडी लावायची न्हाई. ही जागा आमच्या गावची हाय.” मी धोरणाची प्रत काढली. काकूंनी तिच्याकडे पाहिलंही नाही. सौभाग्यवती पुढे झाल्या आणि म्हणाल्या, “अहो, आम्ही विकत नाही, आम्ही यात राहतो.” काकूंचा चेहरा क्षणात बदलला. “अगं बया! घर न्हाई तुमाला?” त्यानंतरच्या भज्यांचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. एवढ्यात एका माकडाने ज्वारीच्या पिठाची पिशवी हेरली, म्हणून प्रकरण तिथेच मिटलं.

घाटाखाली, बिरवाडीच्या अलीकडे, कापलेल्या भाताच्या खाचरात धनगरांचा वाडा उतरलेला दिसला. देशावरचे धनगर दिवाळीच्या सुमाराला मेंढरं घेऊन कोकणात उतरतात. रात्री शेतात मेंढरं बसवायची, शेतकऱ्याला खत मिळतं, त्यांना धान्य. सरावासाठी मी शेजारच्या खाचरात ट्रेलर लावला. प्रथम चाकांना दगड. मग पाणसळीचा बुडबुडा मध्यात येईपर्यंत एका चाकाखाली फळ्या घालायच्या. मग नाक जॅकवर. मग मागचे पाय खाली. बुडबुडा मध्यात यायला पन्नास मिनिटं लागली. तेवढ्यात पलीकडे घोड्यावरचं ओझं उतरलं होतं, कोकरं झाकली गेली होती, एका बाईने तीन दगड मांडून चूल पेटवली होती आणि तिची भाकरी फुगत होती. ती मधूनमधून आमच्याकडे बघत होती. निघताना तिने विचारलं, “दुसरी गाडी मागून येतीया का?” तिला वाटलं, एवढा खटाटोप चालला आहे तर वस्ती बरीच मोठी असणार.

जागा निवडण्याबाबत एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. नदीकाठ फोटोत छान दिसतो. सावित्री महाबळेश्वरी उगम पावते आणि थोडक्या अंतरात जवळजवळ समुद्रसपाटीला येते. डिसेंबरात ती गोट्यांमधून वाट काढणारी पोरगी असते. जुलै २०२१ मध्ये याच पाण्याने महाडची बाजारपेठ बुडवली आणि त्याच पावसात वरच्या अंगाला तळीये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्यामुळे इथे मुक्कामाची जागा शोधताना झाड, सावली, सूर्यास्त हे सगळं नंतर. आधी कुणा म्हाताऱ्या माणसाला विचारायचं की पाणी कुठवर येतं आणि वरचा डोंगर कसा आहे. ज्यांना विचारायला लाज वाटते त्यांनी महाडजवळ महामार्गालगतची गांधारपाले लेणी बघावीत. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या भिक्षूंनी नदीच्या खोऱ्याकडे तोंड करून, पण चांगलं उंचावर डोंगरात खोल्या खोदल्या. झोपायला दगडी ओटे, दाराशी पाण्याची टाकी. पाणसळ कुठेही ठेवा, बुडबुडा मध्यात.

पाण्याची टाकी भरायची तर महाडात. एका घराच्या नळाला पाइप लावू का असं विचारलं, आतून “लावा की” असं उत्तर आलं, आणि वर गूळपाणीही आलं. वीस लिटर भरेपर्यंत आम्ही चवदार तळ्यावर जाऊन आलो. महाड नगरपालिकेने हे तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव १९२४ मध्येच केला होता. तरीही बाबासाहेबांना हजारो माणसांसह इथवर चालत येऊन, २० मार्च १९२७ ला, ओंजळभर पाणी प्यावं लागलं, आणि मग खटला हायकोर्टापर्यंत जाऊन १९३७ मध्ये निकाल लागला. परत येऊन पाइप गुंडाळताना माझी ‘कुणाची गरज नाही’ची वही जरा जड वाटत होती.

पुढचा बेत असा होता: पोलादपूरच्या पुढे, आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी, एकांतात मुक्काम. मामांची वाडी तिथून जवळ, म्हणून त्यांना फोनवर नुसतं कळवलं. मामा म्हणाले, “रानात झोपणार? आमचं घर काय जळालं?” आणि फोन ठेवला. अशा संभाषणानंतर मार्ग बदलावा.

वाडीचा रस्ता एका गाडीचा आहे आणि त्यावर समोरून एसटी आली. इथे नियम एकच: एसटी मागे जात नाही. दोनशे पावलं चढावर रिव्हर्स. पहिल्या प्रयत्नात ट्रेलर बांधाला लागला, दुसऱ्यात काटकोन. एसटीतले प्रवासी खाली उतरले. कंडक्टरने सूचना दिल्या, एका आजींनीही दिल्या, आणि दोघांच्या दिशा वेगळ्या होत्या. शेवटी चिऱ्यांची ट्रॉली चालवणारा विशीतला एक पोरगा पुढे आला. “काका, तुमी उतरा.” त्याने स्टिअरिंगच्या अगदी खाली हात धरला. “हात खाली ठेवायचा. मागचं जिकडं न्यायचं, तिकडं हात.” दीड मिनिटात ट्रेलर मामांच्या अंगणात तुळशीपासून बेताच्या अंतरावर उभा होता. या मार्गदर्शिकेतली एकमेव खात्रीची ओळ ही त्याची आहे. मैदानातल्या दोन तासांपेक्षा जास्त कामाची.

मुक्कामाची कृती अशी. संध्याकाळी अख्ख्या वाडीने ट्रेलर आतून पाहिला. पोरांनी दिवा चाळीस वेळा लावला. तांदळाची भाकरी आणि वालाची उसळ झाली, ती घरच्या चुलीवर. शेगडी मी पेटवायला घेतली तेव्हा मामा म्हणाले, “पाव्हण्यांनी गॅस जाळायचा नसतो.” झोपायच्या वेळी आम्ही ट्रेलरकडे निघालो, तर पडवीत गोधड्या अंथरलेल्या. नाही म्हणण्याची सोय नव्हती. मामींनी मात्र हळूच विचारलं, “ती गादी मऊ आहे का रे?” मामी सत्तरीच्या. महाडच्या पलीकडे मुक्कामाला गेल्याचं त्यांना आठवत नाही. त्या रात्री ट्रेलरमध्ये मामी आणि शेजारच्या वयनी झोपल्या. खिडकीतून उशिरापर्यंत हसण्याचे आवाज येत होते.

पहाटे मी पडवीत जागा झालो तेव्हा ट्रेलरचं मागचं झाकण वर होतं आणि मामी आमच्या शेगडीपुढे पाय दुमडून बसल्या होत्या. रस्त्यावरून जाणारा एक दूधवाला सायकल टेकवून उभा राहिला, आत वाकून पाहिलं आणि विचारलं, “काय गरम हाय?”

“तेल तापतंय,” मामी म्हणाल्या. “बस जरा.”