वाघ नक्की दिसेल ना?

मार्च लागला की चंद्रपूरकराला दोन गोष्टींची चाहूल लागते: उन्हाची आणि पुण्याच्या नातेवाइकांची. उन्हाचं कूलरवर भागतं. नातेवाइकांना ताडोबाच लागतो.

"दादा, वाघ नक्की दिसेल ना?" फोनवर पहिला प्रश्न हाच. जणू रात्री त्याला मीच दावणीला बांधतो. दुसरा प्रश्न वहिनींचा: "डोंगर आहेत म्हणे, स्वेटर घेऊ का?" चिमूरचे डोंगर आहेत, मोहर्लीचेही आहेत, पण मे महिन्यात पारा 46 च्या पुढे सरकला की डोंगरही तापतात. स्वेटर लागतो डिसेंबरात, पहाटेच्या उघड्या जिप्सीत. पण गवत वाळून वाघ पाणवठ्यावर येतो तो उन्हाळ्यात. त्यामुळे थंडी नको, वाघ हवा, असा ठराव होतो.

मग नियोजन रंगतं. दरवाजा मोहर्लीचा, कोलाऱ्याचा की नवेगावचा? फेरी सकाळची की दुपारची? प्रत्येकाचं ओळखपत्र हवं. जिप्सीत सहा जण बसतात आणि नेमका सातवा जावई निघतो. मंगळवारी उद्यान बंद असतं हे कळल्यावर तिकिटं बदलतात. मोबाइल आत वापरता येत नाही हे कळल्यावर मात्र घरात शांतता पसरते. फोटोच नाही, तर वाघ पाहिला हे सोसायटीत कोण मानणार?

"मग दुपारी गडचिरोलीही उरकून टाकू. हेमलकसा जवळच असेल ना?" गडचिरोली जिल्हा गोव्याच्या जवळपास चौपट आहे, हे मी हळूच सांगतो. आलापल्लीचे साग मान मोडेपर्यंत वर बघायला लावतात; तिथून हेमलकशाला नेणारा भामरागडचा रस्ता संपेतो उरकण्याची हौस फिटलेली असते.

हा सगळा आराखडा वाघाला कोणी दाखवत नाही, एवढीच त्यात उणीव. 1955 साली ताडोबा राष्ट्रीय उद्यान झालं, राज्यातलं पहिलं. 1995 मध्ये अंधारी अभयारण्यासह त्याचा व्याघ्र प्रकल्प झाला. नकाशावर हद्दी आखल्या गेल्या, पण वाघाला त्याची प्रत मिळाली नसावी. तो थेट चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राच्या झुडपांत येऊन राहतो. पाळीवर निघालेल्या कामगाराला तो आरक्षणाशिवाय, फुकट आणि नको तेवढ्या जवळून दिसतो.

खरं काटेकोर नियोजन पाहायचं तर ते मोहफुलं वेचायला जाणाऱ्या बायांचं. एकटीने जायचं नाही. पुरतं उजाडल्याशिवाय आत शिरायचं नाही. वेचताना मोठ्याने बोलत राहायचं, कारण वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटेलच असं नाही. मोह संपला की तेंदूपत्ता येतो, तेव्हाही हेच. हे सगळं कशासाठी, तर वाघ दिसू नये म्हणून. पुण्याचा बेत फसला तर सुट्टी वाया जाते. यांचा फसला तर घरातलं माणूस जातं. या जिल्ह्यात तशी बातमी नवी नाही.

ताडोबा तलावाच्या काठी तारूचं ठाणं आहे. वाघाशी झुंजताना तारू मेला आणि देव झाला, असं सांगतात. पौषात आसपासच्या गावांतले आदिवासी तिथे पूजेला येतात. त्यांचं मागणं काय असेल हे सांगायला नको. आमचे नातेवाईकही तारूचं नाव ऐकताच जिप्सीतूनच हात जोडतात, आणि त्यांचंही मागणं सांगायला नको. एकाच देवाकडे एकाच वाघाबद्दल दोन उलटे अर्ज!

मला कोणी विचारलंच, तर गाववाल्यांचा अर्ज आधी मंजूर व्हावा. नातेवाइकांचं काय, पुढच्या वर्षीचं आरक्षण ते घरी पोचायच्या आतच करतात.